सोळा एप्रिलचं मीटर

तुम्ही एका माणसाच्या श्वासाला थकबाकी म्हणालात, आणि ती थकबाकी भलत्याच माणसाच्या नावावर सहा वर्षं मिरवलीत. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं, पण तुमचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. माणसांची पत आकड्यात मोजणाऱ्या तुमच्या कचेरीच्या दाराला पाटी नाही, फोनवर माणूस नाही. कोण कधी चुकलं ते तुम्ही दिवस-वारासकट लिहून ठेवता. कोण कधीच चुकलं नाही, ते लिहायला मात्र तुमच्या कागदावर जागा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर तेही कमी पडतं. इथे चोर कुणी नव्हताच. अर्लीन बोल्डन चोर नव्हती, तिचा नवरा वेंडेल नव्हता, आणि त्यांची मुलगी शर्लिता तर त्या दिवशी गावातसुद्धा नव्हती.

शर्लिता सत्तावीस वर्षांची. घरात तिला लिता म्हणतात. मिलवॉकीच्या नॉर्थसाइडला शहरबस चालवते. हाडापेराने बापावर गेलेली, रुंद खांद्यांची, बोलायला तुटक. तिला एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे वेळेचा. थांब्यावर ती उशिरा येत नसे, आणि मुख्य म्हणजे लवकर निघत नसे. नव्या चालकांना ती सांगायची, "उशिराला कारण असतं रे बाबा. बर्फ असतो, म्हातारी चढत असते. वेळेआधी सुटलास आणि मागे कुणी धावत राहिलं, तर त्याला काय कारण देशील?"

बर्ली स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत लाकडी, उतरत्या छपराचं जे घर आहे, तिथे बोल्डन मंडळी बावीस वर्षं भाड्याने राहत होती. वेंडेल फाउंड्रीत होता. गुडघे गेले तेव्हा त्याने पुढच्या पायऱ्यांना स्वतःच्या हाताने लोखंडी कठडा करून बसवला होता. मग फुप्फुसंही गेली, आणि मग तोही गेला. कठडा राहिला. अर्लीन पायऱ्या उतरताना तो धरायची नाही, त्यावर नुसता हात ठेवायची. कुणी चेष्टा केली तर म्हणायची, "धरायला लागेल तेव्हा धरीन. सध्या नुसतं बोलतेय त्याच्याशी."

घरमालक मिस्टर वोइचिक, वय एक्याऐंशी. फेब्रुवारीत एक दिवस स्वयंपाकघरात येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"अर्लीन, मी विकतोय. फ्लोरिडाला लेकीकडे चाललो. एका कंपनीचं पत्र आलंय, रोख पैसे टाकतात. नव्याण्णव हजार म्हणतात."

अर्लीनने गॅस बारीक केला. "मग आम्ही कधी निघायचं?"

"ऐकून तरी घे बाई. तुम्ही घेत असाल तर शहाण्णवला देतो. मे अखेरपर्यंत थांबेन, त्यापुढे लेक मला थांबू देणार नाही." टोपी फिरवत तो म्हणाला, "मी काही फार भला माणूस नाही. पण बावीस वर्षांत मला एकदाही भाडं मागायला यावं लागलं नाही. हे मी विसरायचं का?"

वोइचिक विसरला नव्हता. तुमच्या कागदाला ते माहीतच नव्हतं. दर महिन्याच्या एक तारखेला पोस्टातून मनीऑर्डर, आता आता अकराशे पन्नास डॉलरची, आणि तिची चिठ्ठी अर्लीनच्या कपाटातल्या बुटांच्या खोक्यात. गेली पाच वर्षं अर्धे पैसे लिताचे, आणि भाडेकरारावर तिचीही सही. खोकी तीन झाली होती. लिता ती तिन्ही खोकी घेऊन बँकेत गेली.

बँकेतली घरकर्जाची बाई मिसेस रीमर. पन्नाशीची, चष्मा साखळीला लावलेला, माणूस म्हणून बरी. तिने खोक्यांकडे बघितलं आणि तिला खरोखर वाईट वाटलं.

"मिस बोल्डन, भाडं वेळेवर भरता हे मला उपयोगी आहे. मी फाईलला लावते. पण आकडा त्यातून येत नाही. आकडा क्रेडिट रिपोर्टमधून येतो." तिने संगणकाचा पडदा लिताकडे वळवला. "तीन ठिकाणांहून तीन स्कोअर येतात, आम्ही मधला धरतो. तुमचा मधला सहाशे पंचावन्न."

"हे पास की नापास?"

"पास. घर मिळेल. शहराच्या योजनेतून सुरुवातीला भरायला सात हजारांची मदतही मिळेल, त्यांना सहाशे चाळीस लागतात. फक्त व्याज चढं बसेल."

"का? माझं एक कार्ड आहे, दर महिन्याला पूर्ण भरते. गाडीचे हप्ते संपवले. मी कुणाचे काय खाल्लेत?"

मिसेस रीमरने पेनाचं टोक एका ओळीवर ठेवलं. वीज कंपनीचं येणं, तेराशे अठरा डॉलर, वसुलीवाल्यांकडे गेलेलं. पत्ता हाच, गल्लीतल्या घराचा. खातं उघडल्याची तारीख सोळा एप्रिल, सहा वर्षांपूर्वीची.

लिताने तारीख पुन्हा एकदा वाचली.

पंधरा एप्रिल ही तारीख नॉर्थसाइडच्या पोराटोरांनाही पाठ असते. नोव्हेंबरपासून पंधरा एप्रिलपर्यंत थंडी म्हणून घरची वीज तोडायची नाही, असा राज्याचा नियम. म्हणून हिवाळ्यात बिलं साठतात, लोक आधी भाडं भरतात, मग खातात. आणि सोळा तारखेला सकाळी कंपनीच्या गाड्या गल्लीत शिरतात. त्या वर्षी वेंडेल ऑक्सिजनच्या यंत्रावर होता. यंत्र भिंतीतल्या विजेवर चालायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जेवढी मुदत मिळायची तेवढी घेऊन झाली होती. लिता तेव्हा एकवीस वर्षांची, शिकागोला मावशीकडे राहून एका गोदामात कामाला होती. आईचा रोज फोन यायचा, आणि रोज पहिलं वाक्य तेच असायचं. "डॅडी बरा आहे. यंत्र चालू आहे."

कसं चालू आहे, हे लिताने कधी विचारलं नव्हतं. आता समोर लिहिलेलं होतं. सोळा तारखेला अर्लीनने बायबलमध्ये ठेवलेलं लेकीचं सरकारी ओळखपत्र काढलं, वीज कंपनीला फोन लावला आणि त्याच घरात नवं खातं उघडलं, शर्लिता बोल्डन या नावाने. तेवढ्या विजेवर वेंडेल ऑगस्टपर्यंत जगला. नंतर चर्चच्या मदतीने मीटर परत अर्लीनच्या नावावर झालं. जुनी बाकी उरली, तिची बिलं यायची थांबली, आणि अर्लीनला वाटलं, मेलेल्या माणसाकडे बघून त्यांनी सोडून दिली असेल.

"हे माझं नाही," लिता म्हणाली आणि लगेच तिला वाटलं, बोलायला नको होतं.

मिसेस रीमरचा चेहरा उजळला. "नाही ना? मग सोपं आहे. तुमचं नाव दुसऱ्याने वापरलं असं पोलिसांत लिहून द्यायचं. त्याची प्रत पाठवली की महिन्याभरात ही ओळ जाते. मग तुम्ही सातशेच्या पुढे. व्याज जवळजवळ एक टक्क्याने खाली येईल." तिने यंत्रावर आकडे दाबले. "हप्त्यात महिना चौपन्न डॉलरचा फरक. तीस वर्षांचे एकोणीस हजारांच्या वर होतात."

"पोलिसांत काय लिहायचं?"

"काय झालं ते. आणि कुणावर संशय असेल तर त्याचं नाव. माहीत असून लपवलं तर तो वेगळा गुन्हा होतो, म्हणून सांगते."

म्हणजे तुमच्याकडे रीतसर दर ठरलेला आहे. आईला चोर म्हणून लिहून द्या, नाहीतर महिना चौपन्न डॉलर भरा, तीस वर्षं.

लिताने खिडकीबाहेर बघितलं. तिच्याच मार्गाची बस थांब्यावर लागली होती, अर्धं मिनिट लवकर.

"चौपन्न भरते मी," ती म्हणाली.

मिसेस रीमरने यंत्रावरचे आकडे पुसले. तिला बहुधा समजलं. या गल्लीतली ती काही पहिली मुलगी नव्हती. "ठीक आहे. एक वर्षाने ही ओळ तशीही गळून पडेल, सात वर्षं झाली की जाते. तेव्हा बघू, व्याज कमी करून घेता येतं का. पण आता एक ऐका. सही होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. नवं कार्ड नको, जुनं बंद करायचं नाही. आणि ही बाकीसुद्धा भरायची नाही."

"भरायची नाही?"

"नाही. झोपलेल्या कुत्र्याला दगड मारू नका. सहीच्या आधी आम्ही रिपोर्ट पुन्हा एकदा काढतो."

लिता घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात शेजारची मिस ओरा बसली होती. मिस ओरा सत्तरीची, गल्लीतल्या सगळ्यांची मावशी, जिभेला हाड नसलेली.

"आली का मालकीणबाई! काय म्हणाली बँक?" मिस ओराने खुर्ची सरकवली. "बघ हं, घर झालं की पहिल्यांदा ते पुढचं दार रंगव. बावीस वर्षं त्या रंगाकडे बघून माझे डोळे गेले."

"म्हणाली मिळेल."

अर्लीनने हातातला चमचा खाली ठेवला. "खरं? आणि व्याज?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे किती?"

"ममा, ठीक म्हणजे ठीक."

"जपून हं," मिस ओरा म्हणाली. "त्या कागदावर काय काय निघतं देव जाणे. माझ्या धाकट्याच्या नावावर मी गॅस घेतला होता, तेव्हा तो दूध पीत होता. आमच्या घरात सगळ्यात चांगली पत त्याचीच होती! पोराने तोवर एक पैसा उधार घेतला नव्हता." ती खो खो हसली. "आता बत्तीसचा झालाय. गाडी घ्यायला गेला, तर दुकानदार म्हणाला, साहेब, जन्मल्या वर्षापासून गॅस वापरताय?"

लिता हसली. अर्लीन हसली नाही. ओट्याकडे वळून तिने पुन्हा भाजी ढवळायला घेतली. लिताने ते पाहिलं. तिथेच सांगायला हवं होतं. ममा, मला माहीत आहे, आणि मला राग नाही, आणि तू आता काही करायचं नाहीस, एवढंच. तीन वाक्यांचं काम होतं. पण तिसरं वाक्य सांगायचं तर आधी पहिलं सांगावं लागलं असतं, आणि ते ऐकताना आईचं तोंड कसं होईल, हे तिला बघायचं नव्हतं. सही झाल्यावर सांगू असं तिने ठरवलं.

मार्चमध्ये बँकेचं पत्र आलं. कायद्याने ते धाडावंच लागतं. त्यात तुमचा आकडा असतो, आणि तो आकडा वर का गेला नाही याची कारणं असतात. पाकिटावर नाव लिताचं होतं, पण बोल्डन आडनावाचं कुठलंही पाकीट अर्लीन फोडायची. लिता ड्यूटीवर होती. अर्लीनने चष्मा लावून पहिलं कारण वाचलं. वसुलीला गेलेलं एक खातं, वीज. तिने पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं, पाकीट डिंकाने चिकटवलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

एका घरात दोन बायका, दोघींना एकच गोष्ट ठाऊक, आणि दोघी एकमेकींना जपत गप्प.

अर्लीनकडे एक अंत्यविधीचा विमा होता. चोवीस वर्षांची असताना घेतलेला. तेव्हा दर आठवड्याला एक माणूस दारावर यायचा, वहीत खूण करून दीड डॉलर घेऊन जायचा. आमच्याकडे बाई कितीही गरीब असो, स्वतःच्या मातीचे पैसे दुसऱ्याला मागायला लागू नयेत एवढी सोय करून ठेवते. वेंडेलशेजारची जागा, चांगली पेटी, चर्चमध्ये फुलं आणि नंतर सगळ्यांना जेवण, एवढं त्या विम्यात बसत होतं. अर्लीनने तो मोडला. हातात सतराशे आले. तिने वसुलीवाल्यांना फोन लावला, तेराशे अठराची मनीऑर्डर केली आणि त्यांच्याकडून पोस्टाने पावती मागवून घेतली. फोनवरचा मुलगा फार गोड बोलला. "मॅडम, तुम्ही अगदी योग्य करताय," असं तो दोनदा म्हणाला. अर्लीनने ते घरी येताना बसमध्ये मनातल्या मनात परत परत ऐकलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी चर्चहून आल्यावर तिने नीट जेवण मांडलं. रश्शात शिजवलेली कोंबडी, कोलार्डची पालेभाजी, मक्याचा पाव, वर पीचचा गोड पदार्थ. आदल्या दिवशीची ढगळ बस-टोपी घालून लिता टेबलाशी आली, तर आईने टोपी काढायला लावली.

"आज काय आहे?"

"आज काही नाही. बस."

ताटाशेजारी एक पाकीट होतं. वाढदिवसाला देतात तसं कार्ड, फुलाफुलांचं. आत एक पावती. लिताने आधी रक्कम वाचली. मग शिक्का वाचला. रक्कम पूर्ण मिळाली.

"मला माहीत आहे, तुला कळलंय," अर्लीन म्हणाली. ती उभीच होती, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. "तू बोलली नाहीस, तेही मला कळलं. लिते, त्या दिवशी तो गाडीवाला मीटरपाशी उभा होता आणि तुझा बाप पलंगावर. तुझं नाव घेतलं मी. तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. पण आता फिटलं सगळं. कुणाचं काही उरलं नाही आपल्याकडे."

लिताच्या कानात मिसेस रीमरचा आवाज वाजत होता. ही बाकीसुद्धा भरायची नाही.

"पैसे कुठून आणलेस ममा?"

"होते."

"कुठले होते?"

"माझ्या मरणाचे होते. आता थोडं लांबवते मरण, काय घाई आहे?" अर्लीन हसली. किती दिवसांनी ती असं मोकळं हसली होती. "आता तरी व्याज उतरेल ना गं?"

लिता उठली. आईला मिठी मारली, म्हणजे तिचं तोंड आईला दिसलं नसतं. "उतरेल ममा. थँक यू." मग ती बसली आणि सगळं जेवली. दोनदा वाढून घेतलं. एकेक घास गिळताना तिला वाटत होतं, कदाचित बँकेतली बाई चुकत असेल, कदाचित यंत्रालाही थोडी लाज असेल.

यंत्राला लाज नव्हती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सहीला बारा दिवस उरले असताना, रिपोर्ट पुन्हा निघाला. मिसेस रीमरने फोनवर न सांगता तिला बोलावून घेतलं, त्यातच लिताला कळलं.

"सहाशे एकोणतीस," मिसेस रीमर म्हणाली. "मी सांगितलं होतं, हात लावू नका."

"मी नाही लावला."

मिसेस रीमरने चष्मा काढला. तो साखळीला लोंबत राहिला.

"मला एवढंच सांगा," लिता म्हणाली, "पैसे द्यायचे होते, दिले. मग आकडा खाली का?"

"घरकर्जाला आम्ही ज्या पद्धतींचे स्कोअर धरतो त्या जुन्या आहेत. त्यांना भरलं की नाही भरलं याचं फारसं काही नसतं. डाग किती ताजा आहे, एवढं दिसतं. तुमचा डाग सहा वर्षांचा होता, फिका झाला होता. पैसे आले म्हणून वसुलीवाल्यांनी त्यावर नवी तारीख टाकली. आता तो या एप्रिलचा दिसतोय."

"म्हणजे देणं बुडवून गप्प बसले असते तर बरं?"

"हो," मिसेस रीमर म्हणाली. मग, हे आपण बोललो याची तिलाच शरम वाटल्यासारखी, कागद सरळ करत राहिली.

लिताने टेबलावर दोन्ही हात ठेवले. जे बोलायचं नाही म्हणून तिने चौपन्न डॉलर कबूल केले होते, ते आता ती बोलली. "समजा मी पोलिसांत लिहून दिलं. माझं नाव दुसऱ्याने वापरलं म्हणून. आत्ता."

"आता उपयोग नाही. भरल्यावर ते तुमचंच ठरलं. ते विचारतील, दुसऱ्याचं कर्ज कोण भरतं?"

शहराच्या योजनेला सहाशे चाळीस लागत होते. अकरा गुणांनी सात हजार गेले. ते गेले म्हणून सुरुवातीची रक्कम कमी पडली, रक्कम कमी म्हणून व्याज आणखी चढलं, आणि त्या व्याजाने हप्ता काढला तेव्हा मिसेस रीमरच्या वरिष्ठाने कागदावर लिहिलं, अर्जदाराला हा हप्ता झेपेल असं वाटत नाही. कर आणि विमा धरून तो हप्ता होता एक हजार साठ. आणि अर्जदार आईबरोबर महिन्याला अकराशे पन्नास भाड्याचे भरत होती, बावीस वर्षांची तीन खोकी त्याच टेबलाखाली तिच्या पायाशी होती.

लिताने दुसऱ्या दोन बँकांमध्ये विचारलं. प्रत्येक ठिकाणी तोच कागद, तीच ओळ, तीच ताजी तारीख. वोइचिकने मे संपून वर सहा दिवस वाट बघितली. मग येऊन पुन्हा टोपी हातात घेऊन उभा राहिला. या वेळी दारातच.

"लेक म्हणते आता सही केली नाहीस तर कंपनी मागे फिरेल. मी काय करू, सांग."

"करा सही," लिता म्हणाली. "तुम्ही थांबलात. तेवढं पुष्कळ झालं."

कंपनीचा रिपोर्ट कुणी काढला नाही. रोख पैसे होते.

जूनमध्ये त्यांचा एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. त्याने घराचे फोटो काढले, पायऱ्यांचे काढले. कठडा हलवून बघितला. तो हलला नाही, तरी त्याने लिहून घेतलं. "मॅडम, हा नियमात बसत नाही. घरी केलेला दिसतोय. काढावा लागेल." जाताना त्याने नव्या भाड्याचं पत्र दिलं. एक सप्टेंबरपासून चौदाशे पंच्याण्णव.

तो गेल्यावर अर्लीन पायरीवर बसली. पत्र मांडीवर. लिता ड्यूटीचे बूट घालून शेजारी बसली. निघायला वीस मिनिटं होती.

"आता खरं सांग," अर्लीन म्हणाली. "आधी आकडा किती होता?"

"सहाशे पंचावन्न."

"आणि मी भरल्यावर?"

"सहाशे एकोणतीस."

अर्लीनने मांडीवरचं पत्र उलटं केलं. "परत सांग," ती म्हणाली. लिताने परत सांगितलं.

"भरल्यावर कमी झाला?"

"हो ममा."

"आणि भरलं नसतं तर?"

लिताला खोटं बोलता आलं असतं. एप्रिलच्या त्या रविवारी ती बोललीच होती. "घर मिळालं असतं. ओळ पुढच्या वर्षी आपोआप पुसली गेली असती."

समोर मिस ओरा आपल्या ओसरीवर येऊन उभी राहिली होती. तिने हाक मारायला हात वर केला, या दोघींची तोंडं बघितली, आणि आत निघून गेली.

"तू मला सांगितलं का नाहीस?" अर्लीन म्हणाली.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

अर्लीनने कठड्याचा खांब हाताने धरला. या वेळी खरोखर धरला, बोटं पांढरी होईपर्यंत. "घरही गेलं, आणि मला पुरायचे पैसेही गेले. तुझ्या बापाचा श्वास काढून घेऊ दिला असता त्या दिवशी, तर आज आपला कागद स्वच्छ असता. असंच ना?"

"असं नको म्हणूस."

"मी कुठे म्हणतेय? त्यांचा कागद म्हणतोय."

मग लिताने तिला एक गोष्ट सांगितली. मिसेस रीमरने शेवटच्या दिवशी, काहीतरी द्यावं म्हणून, तिच्या हातात ठेवलेली. कायद्याने कुणालाही आपल्या रिपोर्टला शंभर शब्दांत आपलं म्हणणं जोडता येतं. त्याने आकडा हलत नाही. यंत्र ते वाचत नाही. माणूस वाचेल याचीही खात्री नाही. पण ते तिथे राहतं.

"शंभर?" अर्लीन म्हणाली. "बायबलमध्ये जग उभं करायला याहून फार लागले नसतील. घे लिहून."

लिताने बसच्या फेऱ्यांची वही उलटी केली आणि मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. अर्लीन रस्त्याकडे बघत सांगत गेली. एका शब्दालाही अडखळली नाही.

"हे खातं माझ्या मुलीचं नव्हतं. माझं होतं. माझा नवरा यंत्रावर श्वास घेत होता आणि सोळा एप्रिलला तुम्ही वीज तोडायला माणूस पाठवलात. मी मुलीचं नाव दिलं. तो ऑगस्टपर्यंत जगला. नंतर मी माझ्या मातीचे पैसे मोडून सगळं भरलं. पावती माझ्याकडे आहे. भाडं बावीस वर्षं एक तारखेला भरलं. पावत्या माझ्याकडे आहेत. त्या तुम्ही मागितल्या नाहीत."

ती थांबली. "किती झाले?"

लिताने बोट टेकवत मोजले. "अजून बरेच उरलेत ममा."

"मग लिही. देणं दिल्यावर माणसाची पत कमी कशी होते? माझ्या नवऱ्याचे ते चार महिने तुम्ही कुणाच्या नावावर लिहिलेत? तिथे कुणी माणूस बसत असेल तर त्याने स्वतःचं नाव लिहून मला कळवावं. पत्ता तुमच्याकडे आहेच. ऑगस्टअखेरपर्यंत मी इथेच आहे. उत्तर द्या."